एक दार जास्तीचं

१

बिल्डिंगमध्ये आमचं घर आणि शेजारचं घर पाठीला पाठ लावून बसलेलं आहे. त्यांच्या आतल्या खोलीची भिंत तीच आमच्या आतल्या खोलीची भिंत. त्यांचं स्वयंपाकघर डावीकडे, आमचं उजवीकडे, बाकी सगळं तस्संच. त्यामुळे डोळे मिटून पडलं तरी तिकडे कोण कुठल्या दारातून कुठे गेलं ते मला कळतं. बाहेरच्या दाराची कडी खणखणते. स्वयंपाकघराचं दार खाली फरशीला घासतं. आतल्या खोलीचं करकरतं. आणि त्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडताना नुसतं टप् वाजतं. त्यानंतर भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे मी.

आमचे हे सुतार. दोन्ही घरांतल्या त्या कपाटांना दारं ह्यांनीच बसवली आहेत. मला म्हणतात, "भिंतीला तुझ्या कानाचा ठसा उमटलाय. पुढच्या खेपेला रंग देताना तेवढी जागा सोडायला सांगतो." म्हणू देत. दिवसभर दुकानात करवतीची घरघर ऐकणाऱ्याला घरी शांतता हवी असते. मला दिवसभर शांतताच असते.

शेजारी दोघंच राहतात. एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची लेक. लेकीचं काम कॉम्प्युटरवर, घरूनच. पोस्टमनकाकांचं मात्र अलीकडे सगळं विस्कटलं होतं. जेवलेत की नाही ते आठवायचं नाही, लेकीला कधी बहीण समजायचे, दार उघडं दिसलं की रस्त्यावर. एवढं सगळं पुसलं गेलं तरी एक सवय पक्की राहिली होती. कुठल्याही दाराशी आले की टकटक करायचे, दोनदा भरभर, मग जरा थांबून एकदा. स्वतःच्या घरातल्या न्हाणीघराच्या दारावरसुद्धा. मग बाजूला सरून उभे राहायचे. आतून 'या' आलं की पाय पुसायचे, मगच उंबरा ओलांडायचे. लेक बाहेरच्या खोलीत काम करता करता, मान वर न करता म्हणायची, "या, बाबा." आवाज कुठूनही येवो, समोरच्या दारामागूनच आला असं ते धरून चालायचे. लगेच आत.

मध्ये एकदा लेकीने त्यांना वृद्धाश्रमात ठेवून पाहिलं होतं. ते मला सांगताना तिच्या हातातला चहा गार झाला. "तिथे प्रत्येक दाराशी उभे राहायचे, काकू. 'या' म्हणायला कुणाला वेळ नव्हता. मी भेटायला गेले तर पाय सुजून हे एवढे झालेले. ही घरून करायची नोकरी टिकली तर बाबा घरी. नाहीतर परत तिथेच."

२

नोकरी म्हणजे काय, ते मी खोदून खोदून विचारून घेतलं होतं. एका दवाखान्यातल्या रोग्यांची सगळी माहिती तिथल्या मोठ्या मशीनवर असते. कुणाला काय झालंय, कुणाला कुठलं औषध चालत नाही. त्या माहितीचा बॅकअप घ्यायचा, म्हणजे रोज दुपारी तिची नक्कल काढून लांबच्या कुठल्याशा शहरातल्या सर्व्हरवर ठेवायची. इकडचं मशीन मेलं तर तिकडची नक्कल परत आणता येते.

"आणि मूळ?" मी विचारलं.

"मूळ जिथल्या तिथे राहतं, काकू. नक्कल फक्त दुसरीकडे जाते."

दवाखान्याने माहिती एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवली आणि तिथून बिनसलं. दुपार झाली की ती बटण दाबायची आणि थोड्या वेळाने पडद्यावर लाल अक्षरं यायची, पाथ सापडत नाही. पाथ म्हणजे आत जायचा पत्ता. कपाटात खण, खणात डबा, डब्यात डबी, असा. त्यातलं एक जरी चुकलं तरी मशीन हात हलवत परत येतं. तिने पत्ता तपासला, बदलला, पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

भिंतीतून मला तिचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. दवाखान्याचे साहेब काय म्हणत ते कळायचं नाही, पण ही म्हणायची, "हो सर. नवं मशीनही केव्हाही मान टाकू शकतं, माहिती आहे मला. हो सर, रोग्यांच्या जिवाशी खेळ आहे. नाही सर, दुसरी एजन्सी बघू नका. या आठवड्यात होईल." फोन ठेवला की मग टाईपिंग सुरू.

त्याच दिवसांतली एक दुपार. मी आडवी होते. तिकडे बाहेरच्या दाराची कडी खणखणली, मग स्वयंपाकघराचं दार घासलं, मग ते बंद झालं. कुणीतरी घरात आलं आणि काहीतरी शोधून निघून गेलं, असं वाटलं. दुधवाला असेल म्हणून मी कूस बदलली.

दुसऱ्या दुपारी कडी, स्वयंपाकघर, आणि आतल्या खोलीचं करकरणं. त्याच्या पुढच्या दुपारी त्यानंतर कपाटाचं टप्.

मी उठून बसले. कारण या वेळी ते तिथेच थांबलं नाही. टप् झाल्यावर आणखी एक दार उघडलं. जड, लाकडी, बरेच दिवस न उघडलेलं. माझ्या कानापासून हातभर अंतरावर. तिथे दार नाही. तिथे भिंत आहे.

मग बाहेरच्या खोलीतून लेकीचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "पुन्हा नाही सापडला."

३

मी वाटीभर साखर मागायला गेले. साखर घरात होती.

"कोण आलं होतं गं दुपारी?"

"कुणी नाही, काकू. बाबा झोपलेत. मी इथून हललेसुद्धा नाही." तिचे डोळे आत गेले होते. खुर्चीवर कालचाच स्वेटर.

"दारं वाजत होती."

"वारा असेल."

"वारा कडी काढून येतो होय?"

ती हसली नाही. मी बाबांना बघते म्हणून आत गेले. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांच्या कपाटाचं दार उघडलं. दोन सदरे, एक जुनी खाकी पिशवी, तिच्या पट्ट्याने खांद्यावर पाडलेला खड्डा काकांच्या अंगावर अजून दिसतो. मी कपडे बाजूला सारून मागची भिंत चाचपली. भिंतच होती. जरा कोमट होती, म्हणजे पलीकडून कुणी हात टेकून ठेवावा तशी. पण पलीकडे आमचं कपाट, आणि आमच्या घरात त्या वेळी कुणीच नव्हतं.

रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा पुसला. "त्या कपाटांना मी मागे फळीच लावलेली नाही. सरळ भिंत, एक वीट. त्यात दार बसवायचं तर बिजागरी हवेत ठोकावी लागेल."

"मी ऐकलं ते?"

"तू झोपेत होतीस."

"मी कधी झोपते दुपारी?"

"तेही खरंच," ते म्हणाले. "झोपलीस तर बातम्या कोण ऐकणार."

ते हसले, मीही हसले. पण झोपताना मी उशी दुसऱ्या बाजूला घेतली.

४

आठवड्याचा शेवटचा दिवस आला. सकाळीच लेक दाराशी आली. "काकू, आज दुपारी बाबांजवळ बसाल? मला उठायला नको. आज नाही झालं तर साहेब काम काढून घेणार आहेत."

"बसते की. पण चूक कळली का?"

"बहुतेक." ती कपाळ चोळत होती. "आत कसं जायचं ते मी लिहिलं होतं, पण कुठून निघायचं ते लिहिलंच नव्हतं. मूर्खासारखी चूक. नव्या मशीनवर सुरुवात बदलते हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि सुरुवात सांगितली नसली की मशीन स्वतः जिथे उभं असेल तिथून शोधायला लागतं."

"मग ते कुठे उभं होतं?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बॅकअप मी इथून चालवते ना, काकू. या घरातून." आणि गेली.

दुपारी मी आतल्या खोलीत काकांच्या उशाशी बसले. बाहेर लेकीने बटण दाबलं असावं. बाहेरच्या दाराची कडी खणखणली. मी उघड्या दारातून वाकून पाहिलं. कडी जागच्या जागी लावलेली होती. त्या दारापाशीच लेक पडद्यात डोळे घालून बसलेली, तिने मानही वळवली नाही. मग स्वयंपाकघराचं दार घासल्याचा आवाज आला, आणि दार मात्र हललं नाही.

काका उठून बसले. कान टवकारलेले. कित्येक महिन्यांत त्यांचे डोळे इतके स्वच्छ मी पाहिले नव्हते.

"कुणीतरी पत्ता शोधतंय," ते म्हणाले.

"कुणी नाही हो काका. पडा तुम्ही."

"अर्धा पत्ता आहे बिचाऱ्याकडे. रोज येतो आणि परत जातो." त्यांनी पाय खाली सोडले. "दाखवायला पाहिजे. उभ्या जन्मात माझं एक पाकीट परत गेलं नाही."

तेवढ्यात लेकीने बाहेरून हाक दिली, "काकू, दूध उतू जाईल, बघता का?" मी उठले. जाताना आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली, काका रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून. रोजची रीतच होती ती. गॅस बंद केला. आणि ऐकलं. आतल्या खोलीत, लाकडावर, दोनदा भरभर, मग जरा थांबून एकदा.

लेकीची बोटं चालूच होती. मान वर न करता ती म्हणाली, "या, बाबा."

टप्. मग ते जड दार. मग त्याच्यापुढे आणखी एक, आणि आणखी, झपझप, पुढे वाटाड्या असल्यासारखी.

"झाला," लेक हळूच म्हणाली. दोन्ही हात तोंडावर धरून ती रडायला लागली. "काकू, झाला बॅकअप. पाथ सापडला."

मी आतल्या खोलीची कडी काढली. पलंगावर चादर अजून कोमट होती. कपाट उघडं होतं. सदरे होते, पिशवी नव्हती. काका नव्हते.

५

खिडकीला गज आहेत. दाराला कडी मी घातली होती, मीच काढली होती. पोलीस हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि मी हेच सांगत राहिले. ह्यांनी दुकान बंद ठेवलं, गल्लीबोळ पालथे घातले, दवाखाने पाहिले, बसचे थांबे पाहिले. लेक मात्र बाहेर शोधायला गेलीच नाही. मशीनसमोर बसून राहिली. मला आधी राग आला तिचा.

"बापाला शोधायचं सोडून हे काय गं?"

"काकू, बॅकअप रोज एवढासा असतो." तिने मूठ दाखवली. "कालचा बघा."

मला त्या आकड्यातलं काय कळणार. पण तिने बोट वर वर सरकवत नेलं आणि ओळी संपेनात. एका ओळीवर बोट थांबलं. तिने पटकन पडदा झाकला. मला दिसलं ते एवढंच, की तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"जे गेलं ते परत आणता येतं," ती म्हणाली. आवाज असा, की मी तिचा हात धरला. "त्यासाठीच असतो बॅकअप. आणता येतं, काकू. मी आणते. तुम्ही फक्त कुणाला काही बोलू नका."

"बाई गं, तू झोप जरा."

"ते आत कुठल्यातरी दाराशी उभे असतील. पाय सुजले असतील त्यांचे." तिने डोळे माझ्यावर रोखले. "मी नाही आणलं तर कोण 'या' म्हणणार त्यांना?"

खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तिने बटण दाबलं. लाल अक्षरं. काहीतरी बदललं, दाबलं. लाल. कितीदा, ते मी मोजलं नाही. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होती की पत्ता घोकत होती, कोण जाणे. उन्हं कलली तेव्हा पडदा हिरवा झाला.

आतल्या खोलीचं दार करकरलं आणि काका बाहेर आले. सरळ चालत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक."

लेक त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून हमसाहमशी रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला तिच्या लाडाच्या नावाने हाक मारली. मीही रडले. ह्यांना बोलवायला मी दाराबाहेर पडले आणि जिन्यात माझे पाय थांबले.

टकटक झाली नव्हती. कुणी 'या' म्हटलं नव्हतं.

६

आता काका सुधारलेत, असं सगळी बिल्डिंग म्हणते. रस्त्यावर जात नाहीत. लेकीला ओळखतात, मला ओळखतात. कशी तब्येत विचारलं की म्हणतात, "उत्तम. पाय तेवढे दुखतात." काल तेच म्हणाले, परवा तेच, त्याच सुरात, मध्ये तसाच एक खोकला. खोकलासुद्धा तोच. दाराशी आले की दार उघडतात आणि आत जातात.

मी लेकीला एकदाच म्हटलं, "टकटक करत नाहीत गं आता."

"सवय सुटली असेल." ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "काकू, बाबा घरी आहेत. काम टिकलं. मला एवढंच हवं होतं. तुम्ही काही शोधू नका, प्लीज."

मी शोधत नव्हते. मला ऐकू येत होतं. दुपारी, माझ्या कपाटातून, दोनदा भरभर, मग जरा थांबून एकदा.

आधी स्वतःलाच समजावलं, पाण्याचा नळ असेल, उंदीर असेल. उंदीर थांबून टकटक करत नाही. मग मला एकदम काकांचे ते सुजलेले पाय आठवले, आणि भीतीपेक्षा कळवळा जास्त झाला. मूळ जिथल्या तिथे राहतं, असं तिनेच सांगितलं होतं. मी कपाटापाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "या, काका. या हो."

आत एक दार उघडलं. मिटलं. मला इतकं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. जरा बारीक. दमले असतील, एवढी दारं ओलांडून यायची म्हणजे. मी मोठ्याने म्हटलं, "या." तिसऱ्या दिवशी आणखी बारीक. मी रोज म्हणत राहिले. कामं टाकून, कुणी आलं तर त्याला दारातूनच वाटेला लावून, दुपारभर कपाटाशी बसून राहिले. ह्यांनी एकदा पाहिलं, रात्री हातोडीने कपाटाची भिंत ठोकून पाहिली. भरीव. "एक वीट आहे गं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

टकटक इतकी लांब गेली की श्वास रोखल्याशिवाय ऐकू येईना. इकडे यायला निघालेला माणूस लांब कसा जातो, हे माझ्या मठ्ठ डोक्यात तेव्हा आलं, आणि मी कपाट उघडलं.

७

ह्यांचा कोट होता, माझे ठेवणीतले कपडे होते. ते मी दोन हातांनी बाजूला केले.

भिंत नव्हती. उघडं दार होतं, त्याच्या आत उघडं दार, त्याच्या आत आणखी. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात ना, तशी, लहान लहान होत गेलेली. जुन्या कागदाचा वास येत होता. आणि फार आत, बोटाएवढे, काका. खांद्याला पिशवी. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभे.

त्यांची माझ्याकडे पाठ होती. तोंड पुढच्या, बंद दाराकडे होतं.

माझ्या 'या'ने ते इतके दिवस कुठल्या बाजूला चालत होते, ते मला कळलं. जिभेवर आलेला तोच शब्द मी गिळला. "काका," मी म्हटलं, "मागे वळा. मी इकडे आहे, तुमच्या मागे." त्यांनी मान हलवली. क्षणभर वाटलं, ऐकलं. पण त्यांनी कान नेला तो पुढच्या दाराला. मी हात आत घातला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. बोटांना वीट लागली. डोळ्यांना ते दिसत होते आणि बोटांना वीट लागत होती.

मग काही दिसेना. कोट, कपडे, भिंत.

मी तशीच शेजारी धावले, अनवाणी. लेकीचे हात धरून विनवलं. "त्यांना काहीही म्हण. चला म्हण, बसा म्हण. तो एक शब्द तेवढा म्हणू नकोस या घरात. मला तू ओळखतेस ना गं? मी वेडी आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे, असं मला वाटलं. त्या दिवशी पडद्यावर तिने काय वाचलं, ते तिच्या डोळ्यांत अजून होतं. मग तिच्यामागे खुर्चीतून काका म्हणाले, "कोण आलंय गं?" आणि तिने माझे हात सोडवले.

"तुम्ही दमलात, काकू," ती म्हणाली. "जाऊन पडा जरा."

आज दुपारी मी कपाटाशी बसले होते. दार लावून. आधी वाटलं, संपलं. मग लांब, नखाने लाकूड खाजवावं इतकी बारीक, दोनदा, आणि थांबून एकदा. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पलीकडे कपबशी वाजली. खुर्ची सरकली. लेक चहाला हाक मारणार, ती रोज मारते, हे लक्षात आलं आणि तिने तोंड उघडायच्या आत मी भिंतीवर धाडधाड मुठी आपटल्या.

तिकडचा आवाज थांबला. मी वाट पाहिली. ऐकलं हिने, कळलं हिला.

"या ना, काकू," ती भिंतीपलीकडून म्हणाली, मायेने, मला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने. "चहा झालाय. या."

कपाटात, फार फार आत, कुणीतरी पाय पुसले.